मालकी रान राखायचं, तर मदत कोणाकडे मागायची?

पाटण तालुक्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. डोंगरउतारावर साडेआठ एकर वडिलोपार्जित मालकी रान आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, खाली करवंदीच्या जाळ्या आणि कारवी. माथ्याकडचा दीडेक एकर उघडा पडलेला. सातबारावर तीन भाऊ आणि एक बहीण अशी चार नावं. दोन भाऊ मुंबईत, बहीण लग्नानंतर जत तालुक्यात, धाकटा भाऊ गावी. एक लाकूड ठेकेदार "रान उक्तं द्या (म्हणजे सगळं मिळून एकाच ठोक रकमेला), परवानगीचं मी बघतो" म्हणून मागे लागला आहे. धाकट्याला रान तोडू द्यायचं नाही, पण राखायला पैसा लागतो. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, वनविभाग यांपैकी कोणी खाजगी रानाच्या मालकाला मदत करतं का?

करतात. मी सामाजिक वनीकरणात नोकरी केली आणि आता पाटण-शिराळ्याच्या मालकी रानांचीच कामं बघतो, म्हणून एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक योजना झाड लावणाऱ्यासाठी आहेत. उभं रान राखलं म्हणून मालकाच्या हातावर दर वर्षी पैसे ठेवणारी योजना तुम्हाला तालुक्याच्या कुठल्याच कचेरीत सापडणार नाही. पंचायत समितीत जाऊन "रान राखण्यासाठी काही आहे का" असं विचारलंत तर समोरचा माणूस खरं तेच सांगेल, की नाही. म्हणून राखणीची कामं सुटी करायची. माथ्यावरची लागवड वेगळी, माती अडवणं वेगळं, वणवा वेगळा, रानातून मिळणारं उत्पन्न वेगळं. ज्या कामाला ज्या खात्याचा पैसा बसतो, ते काम त्या खात्याकडे मागायचं. असं मागितलं की मदत मिळते. मी मिळताना पाहिली आहे.

पण योजनांच्या आधी कागद. इथं घाई करू नका, कारण मालकी रानाचं निम्मं भवितव्य सातबाराच्या "इतर हक्क" या रकान्यात लिहिलेलं असतं. तिथं "खाजगी वन", "कलम ३५(३)" किंवा "महाराष्ट्र शासन, वन" असं काही आहे का ते बघा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ हा कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला आणि त्या दिवशी खाजगी वनं शासनाकडे गेली. ज्यांची एकूण जमीन १२ हेक्टरांपेक्षा कमी होती, त्यांना ती परत मिळण्याची वाट पुढे कलम २२अ मध्ये ठेवली गेली. सह्याद्रीच्या पट्ट्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथं जमीन घरच्यांच्या वहिवाटीत आहे, पण फेरफार काही वेगळंच बोलतो. तुमच्या आजोबांच्या काळातले फेरफार तलाठ्याकडून आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढून घ्या. जुनी नोटीस निघाली होती एवढ्यावरून घाबरून जाऊ नका. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खालची नोटीस नुसती निघून भागत नाही, ती मालकाला बजावलेली असावी लागते आणि तिच्यावर वेळेत पुढची कार्यवाही झालेली असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं गोदरेज अँड बॉयस प्रकरणात ३० जानेवारी २०१४ ला सांगितलं आहे. नोंद सापडलीच, तर योजनांच्या मागे लागण्याआधी महसुली कामातला चांगला वकील गाठा.

नोंद नसेल, तर दुसरं काम मोजणीचं. वरच्या बाजूला राखीव वनाची हद्द असणार. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मोजणीची फी भरून गटाच्या खुणा कायम करून घ्या. हद्द ठाम नसेल तर पुढे कुठलाच अर्ज सरकत नाही, आणि वनरक्षकाशी विनाकारण वाद होतो तो वेगळाच.

"झाडं वाढू दिली की जमीन सरकारजमा होते", ही भीती तुमच्या मुंबईच्या भावांनीही बोलून दाखवली आहे. ती कुठून आली हे मला समजतं, पण तिच्यापायी माणसं चांगली रानं साफ करून टाकतात, याचं फार वाईट वाटतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २५ प्रमाणे खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांवर खातेदाराचा हक्क असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानं शब्दकोशातल्या अर्थानं जे "वन" आहे ते, मालकी कोणाचीही असो, वन संवर्धन कायद्याखाली येतं. त्यानं मालकी जात नाही. त्या जागेवर घरं, रिसॉर्ट, खाण असा वनेतर वापर करायचा झाला तर मात्र केंद्राची मान्यता लागते. २०२३ च्या दुरुस्तीनं वन म्हणून नोंद नसलेल्या जमिनीवर आपण स्वतः केलेली लागवड या कायद्यातून बाहेर ठेवली आहे. म्हणजे माथ्यावरच्या उघड्या दीड एकरात तुम्ही झाडं लावलीत, तर त्यानं तुमचं काही जाणार नाही. उलट ती लागवड कागदावर येऊ द्या. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडं आणि फळझाडं नोंदवायची सोय आहे. पुढे कधी झाड तोडायची वेळ आली, तर "हे माझं, मी लावलेलं" असं सांगायला हीच नोंद उपयोगी पडते.

आता ठेकेदार. तो "परवानगी मी आणतो" म्हणतो, त्यातली परवानगी कसली ते त्याला विचारा. बऱ्याचदा ते सरपंच किंवा पोलीस पाटलाचं पत्र असतं. त्याला झाडतोडीची परवानगी म्हणत नाहीत. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, हिरडा, खैर, बिबळा, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं येतात, म्हणजे तुमच्या रानातली बहुतेक सगळीच. त्यांना हात लावायचा तर वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज, सातबारा, आठ अ, गटनकाशा, झाडांची घेरासह यादी आणि सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. त्यानंतर जागेची पाहणी, मग मालाची मोजणी, हातोड्याचा शिक्का, आणि शेवटी वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात. यातली एक जरी कडी तुटली आणि ट्रक नाक्यावर अडला, तरी सातबारावरची नावं तुमची असतात, ठेकेदाराचं नाव कुठेच नसतं. महाबळेश्वर तालुक्यात तर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना असल्यानं याहून कडक नियम आहेत. तिकडची कोणाची गोष्ट ऐकून पाटणमध्ये निर्णय घेऊ नका, आणि इकडची ऐकून तिकडेही नको.

उक्तं रान देण्याला माझा विरोध केवळ कायद्यापुरता नाही. उक्त्यात ठेकेदाराला जेवढं जास्त निघेल तेवढा त्याचा फायदा. तो बुंधे जमिनीलगत, आडवेतिडवे तोडतो, काही ठिकाणी साली सोलून निघतात, आणि मग ऐन-किंजळाला चांगला फुटवा येत नाही. पहिल्या दोन पावसाळ्यांत उताराची माती खालच्या वावरात उतरते आणि ओढ्याचं पाणी मार्चऐवजी डिसेंबरात आटतं. पैशाची खरीच निकड असेल, तर वाळलेली, पडलेली, रोगट झाडं आणि दाटीतली निवडक झाडं स्वतः अर्ज करून काढा. त्याला वेळ लागतो, पण रान उभं राहतं.

ग्रामपंचायतीकडे वळू, कारण तुमच्या कामाची खरी जागा तीच आहे. रोजगार हमीची कल्पना सांगली जिल्ह्याचे वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावी आधी करून पाहिली आणि मग ती राज्यभर गेली. तिचाच वारसा सांगणाऱ्या योजनेतून आज वैयक्तिक जमिनीवर वृक्षलागवड, फळझाडं, बांबू, दगडी बांध, समतल चर अशी कामं घेता येतात. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त जाती, दारिद्र्यरेषेखालची, स्त्री किंवा दिव्यांग कुटुंबप्रमुख असलेली घरं यांना आधी प्राधान्य, त्यानंतर अल्प आणि अत्यल्प भूधारक. साडेआठ एकर म्हणजे साधारण ३.४४ हेक्टर. चौघांत सारखं धरलं तर प्रत्येकी ०.८६ हेक्टर. एक हेक्टरपर्यंत अत्यल्प आणि दोनपर्यंत अल्प, त्यामुळे धाकट्याची दुसरी मोठी जमीन नसेल तर तो बसतो. अट एवढीच की त्याच्या घरचं जॉब कार्ड, म्हणजे रोजगार हमीचं नोंदणी कार्ड हवं, घरातल्या निदान एकानं कामावर यायला हवं, आणि बाकी तिघांची संमतीपत्रं हवीत. सामाईक सातबारावर दर वेळी अशी पत्रं गोळा करणं जड जात असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटप करून घेण्याचा विचार करा. पण ते सगळ्यांचं मन एक असेल तरच. रान राखायला निघून भावंडांत फूट पडली तर काहीच राखलं जाणार नाही.

अर्ज कधी करता यालाही फार महत्त्व आहे. वर्षाच्या कामांचा आराखडा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपासून आकाराला येतो आणि २ ऑक्टोबरच्या सभेत पुढे सरकतो. जूनमध्ये पाऊस पडल्यावर ग्रामरोजगार सेवकाकडे धावलात तर त्या वर्षाचं काम गेलेलं असतं. ऑगस्टच्या सभेत अर्ज द्या, कामाचं नाव ठरावात वाचून घ्या, आणि ठरावाची प्रत ग्रामसेवकाकडून मागून घ्या. ग्रामसभेत फार माणसं नसतात, म्हणून जे येतात त्यांची कामं आराखड्यात दिसतात. योजनेचे निकष आणि मजुरीचे दर बदलत असतात. त्यासाठी पंचायत समितीतून चालू परिपत्रकाची प्रत घ्या, तोंडी माहितीवर राहू नका.

आता काय मागायचं. उभ्या रानात लागवड मागू नका, हे मी हात जोडून सांगतो. खड्ड्यांचा आकडा भरायचा म्हणून कारवी आणि कोवळी रोपटी साफ करून त्या जागी नवी रोपं लावलेली मी पाहिली आहेत. दोन वर्षांनी तिथं जुनंही नसतं आणि नवंही नसतं. तसंच दाट झाडीत समतल चर खोदू नका, मुळं तुटतात. लागवड मागायची ती फक्त माथ्यावरच्या उघड्या दीड एकरासाठी. तिथं चर किंवा दगडाची ताल घ्या, कडेला फणस, जांभूळ, आंबा, चिंच, आणि आत ऐन, हिरडा, बेहडा, शिवण, रिठा. कुंपणाला शिकेकाईचा वेल. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर वाढतात म्हणून कोणी सुचवेल, पण ज्या उतारावरून तुमच्या वाडीचं पाणी येतं तिथं ती नकोत. रोजगार हमीच्या फळझाडांत कोरडवाहू जागी ७५ टक्के आणि बागायतीत ९० टक्के झाडं जगलेली असतील तरच पुढच्या वर्षांचं अनुदान मिळतं. म्हणून खड्डे उन्हाळ्यात, रोपं पहिल्या दमदार पावसानंतर लगेच, आणि गुरांपासून राखण पहिल्या दिवसापासून. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून घ्या. वनमहोत्सवाच्या काळात, म्हणजे १५ जून ते ३० सप्टेंबर, ती सवलतीच्या दरात मिळतात. मात्र आपल्याला हवी ती रानझाडं हवी असतील तर हिवाळ्यातच लागवड अधिकाऱ्यांना भेटून लेखी मागणी नोंदवा. जुलैत गेल्यावर जे उरलेलं असतं तेच हातात पडतं.

बांबूबद्दल थोडक्यात. २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू कायद्यातल्या "झाड" या व्याख्येतून निघाला, त्यामुळे आपल्या जमिनीतला बांबू तोडणं-नेणं सोपं झालं आहे. अटल बांबू समृद्धी योजना आणि रोजगार हमी, दोन्हीकडून साहाय्य मिळतं. ओढ्याच्या काठाला आणि बांधाला जरूर लावा. रान काढून बांबू मात्र नको.

तुमच्या रानाचा सगळ्यात मोठा शत्रू वणवा. फेब्रुवारी ते मे. गवत चांगलं येतं या समजुतीनं कोणीतरी माथ्यावर काडी ओढतं आणि दहा वर्षांची रोपटी एका दुपारी जातात. डिसेंबर-जानेवारीत, गवत वाळायला लागलं की माथ्याच्या बाजूनं दोन-तीन मीटर रुंदीची जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी. वरच्या राखीव वनात वनविभाग स्वतःची जाळरेषा काढतोच. वनरक्षकाला आधी भेटून दोन्ही रेषा एकमेकींना जोडून घ्या, मजुरी वाचते. संयुक्त वन व्यवस्थापन समिती गावात जिवंत असेल तर तिच्यामार्फत हे काम आणखी सोपं होतं. ग्रामपंचायतीनं वणवा न लावण्याचा ठराव करून दवंडी दिली, चार पोरांचं पथक नेमलं, तर त्याचा परिणाम होतो. गावानं लक्ष घातलं की काडी ओढणारा हात थांबतो. एकट्या मालकाला ते जमत नाही.

गाव सह्याद्री व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांच्या यादीत असेल, तर डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅस जोडणी, सौर कुंपण अशा गोष्टी अनुदानावर मिळू शकतात. ढेबेवाडी वनपरिक्षेत्राच्या कार्यालयात यादी विचारा. सरपणासाठी रोज रानातून जाणाऱ्या मोळ्या कमी झाल्या तर कुठल्याही लागवडीपेक्षा जास्त फरक पडतो.

उत्पन्नाचं विचारलंत. हिरडा तुम्ही गोळा करताच, पण वाळवून, प्रत लावून, चार घरांचा एकत्र विका. खरी संधी मधाची आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं "मधाचं गाव" म्हणून जाहीर झालं. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे. मध केंद्र योजनेत पेट्यांसाठी ५० टक्के अनुदान आणि सोबत प्रशिक्षण मिळतं. तुमच्याकडे जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी असा फुलोरा आहे, सातेरी या आपल्या देशी मधमाशीला आणखी काय हवं. रान तोडलं तर ही वाट कायमची बंद, हे भावांना सांगा. धाकट्यानं आधी प्रशिक्षण घ्यावं, मग पेट्या.

एक कमी वापरलं जाणारं हत्यार म्हणजे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेत ती असायला हवी. व्यापारासाठी वनस्पती गोळा करणाऱ्यांवर शुल्क बसवण्याचा अधिकार तिला आहे. आपल्या भागातून नरक्यासारखी औषधी झाडं रातोरात जातात. तुमच्या रानाची नोंद गावाच्या जैवविविधता नोंदवहीत असली, तर चोरीची तक्रार करताना हातात काहीतरी लेखी असतं. समिती कागदावरच असेल तर ऑगस्टच्या सभेत तोही विषय मांडा.

तुमच्या बहिणीनं जतच्या जमिनीबद्दल विचारलं आहे, तिला वेगळं उत्तर द्यायला हवं. कोयनानगरला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जत-आटपाडीत पाचशेच्या आसपास. तिथं रान नाही, बांध आहे. बांधावर कडुलिंब, बोर, चिंच, हादगा, शेवगा, आणि पाण्याची सोय होईल एवढीच झाडं. त्या मातीत काही उगवत नाही असं कोणी म्हणालं तर सागरेश्वरला जाऊन या. उघड्या डोंगरावर माणसांनी उभं केलेलं हे अभयारण्य सांगली जिल्ह्यातच आहे, आणि त्यामागे धों. म. मोहिते यांचं आयुष्यभराचं काम आहे. तिला मुलगी झाली आहे, म्हणून कन्या वन समृद्धी योजनेचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा. शेतकरी कुटुंबाला पाच साग, दोन आंबे आणि फणस, जांभूळ, चिंच प्रत्येकी एक अशी दहा रोपं विनामूल्य मिळतात. जतच्या कोरड्यात फणस जगणं अवघड आहे. तो न्हाणीच्या पाण्यावर, घराशेजारी लावा.

पुढचे दोन महिने काय करायचं तेवढं सांगतो. फेरफार काढा, मोजणीची फी भरा, जॉब कार्ड तपासा. गणपतीला मुंबईचे दोघे आणि बहीण गावी येतील तेव्हा चौघांनी रानातून एकत्र फिरून या, आणि घरी बसून एक साधं संमतीपत्र लिहा. झाडं विकायची नाहीत, राखण धाकटा करेल, आणि मध-हिरड्याच्या उत्पन्नातून आधी त्याची मजुरी निघेल, उरलं तर वाटणी. राखणाऱ्याच्या कष्टाला दाम ठरलेला नसेल तर तीन-चार वर्षांत तोच कंटाळून ठेकेदाराला फोन करतो, असं अनेक घरांत झालं आहे. चौघांपैकी कोणी ठेकेदाराकडून इसार घेतला असेल तर तो आत्ताच, दोन साक्षीदारांसमोर, लेखी पावती घेऊन परत करा. ऑगस्टच्या सभेला धाकट्यानं एकट्यानं जाऊ नये. ज्यांची रानं त्याच उताराला लागून आहेत, त्या दोघा-तिघांना बरोबर न्यावं आणि जाळरेषेचा विषय सगळ्यांच्या नावानं मांडावा.